सायकल वारी, वापसा आणि शंभर माणसांच्या भाकरी



आज पिकाचं नाही, सायकल वारीचं लिहितो. पेरणी त्यात येणारच.

आमच्या कर्जत तालुक्यातनं राशीन, करमाळा, टेंभुर्णी करत पंढरपूर. तीन दिवस, दोन मुक्काम, रोजचे पन्नासेक किलोमीटर. एकादशीच्या आठ-दहा दिवस आधी जातो, म्हंजे गर्दीच्या आधी दर्शन होतं. येताना सायकली टेंपोत अन् माणसं एसटीत.

एवढ्या माणसांचं नियोजन कसं करता, असं बरेच जण विचारतात. खरं सांगू का, निम्मं नियोजन पाऊसच करतो. २०२३ ला एकादशी २९ जूनला होती. पावसाचा पत्ता नव्हता, रानं कोरडी, जो तो मोकळा. ११८ सायकली निघाल्या. उजनी वजा पाण्यात होती, सगळी वाट माणसं ढगाकडंच बघत होती. २०२४ ला एकादशी १७ जुलैला. पेरणी उरकली होती पण कोळपणी-खुरपणी चालू, ९० आले. २०२५ ला ६ जुलैला. त्या साली मे महिन्यातच पावसानं झोडपलं, वापसा येईना, मशागती राहिल्या. आमच्याकडं उघडीप मिळाली ती नेमकी निघायच्या आदल्या दिवशी. नावं होती १०५, आले ५२. त्यात मला वावगं काही वाटत नाही. वापसा दोन दिवसाचा असतो, पांडुरंग विटेवर उभाच आहे.

अडचण झाली मुक्कामाला. करमाळा भागातल्या एका वस्तीनं शंभर माणसांची भाकरी-आमटी आनंदानं अंगावर घेतली होती. आकडा निम्म्यावर आल्याचं आम्ही रात्रीच फोनवर कळवलं, पण दळण झालेलं, बाया सांगून ठेवलेल्या. पंगतीत वाढता वाढता एक मावशी हसून म्हणल्या, "माऊली, आमची बी तूर राहिलीय पेरायची. आज चौघी सैपाकालाच गुतलो." तक्रार नव्हती ती. पण मला उत्तर काय सुचलं नाही. आमची पन्नास माणसं वापसा बघून घरी थांबली, अन् त्यांच्या वापशाचा दिवस आम्ही चुलीपुढं घालवला.

परत आल्यावर यावर मोठा वाद झाला. सेवा नाकारली तर गावाला वाईट वाटतं, असं काहींचं म्हणणं. तेही खरंच आहे, वाट बघत थांबलेले लोक मी बघितलेत. पण बंगल्यात राहणाऱ्यानं केलेली सेवा वेगळी अन् चार एकर कोरडवाहूवाल्यानं ऐन पेरणीत केलेली वेगळी. शेवटी ठरलं असं की, शिधा आपला, आचारी आपला. गावाकडं मागायचं फक्त छप्पर, पाणी अन् संडास. सकाळचा चहा कोणी आग्रहानं दिला तर घ्यायचा.

संडासाचं मुद्दाम लिहितोय. आमच्यात चौदा बाया असतात. ती सोय आधी जाऊन डोळ्यानं बघायची, फोनवर विश्वास ठेवायचा नाही. शाळाही जूनच्या मध्याला उघडतात, वर्ग संध्याकाळीच मिळतो, म्हणून मंगल कार्यालयाची चौकशी करून ठेवावी.

बाकी सायकलीचं सोपं आहे. जुन्या काळ्या सायकली पुढं, गेरवाल्या मागं, नायतर पहिल्या तासातच रांग तुटते. पहाटे पाचला निघायचं, अकराच्या आत सावली धरायची. सराटे अन् बाभळीचे काटे कोणाला सोडत नाहीत. छोटा हत्तीत ट्यूब, सोल्युशन, पंप अन् पंक्चर काढणारा एक गडी पाहिजेच. उसाचा हंगाम त्या दिवसात बंद असतो, त्यामुळं ट्रॉल्यांचा धाक नसतो.

आणखी एक वेळ धरावा लागतो, तो कुठल्याच नियोजनात बसत नाही. कंदरच्या बाजूला केळी लागली की निम्मी वारी रस्त्याच्या कडंला. रोप कुठलं, अंतर किती, घड किती किलोचा! शिट्टी वाजवून वाजवून माणूस दमतो. मी पण त्यातलाच.

२०२६ ला अधिक ज्येष्ठामुळं एकादशी २५ जुलैला आहे. म्हंजे निघायचं १५ च्या पुढं-मागं. पेरण्या झालेल्या असतील, आकडा वाढणार. नाव लिहायच्या वहीत आता तीन रकाने वाढवलेत: रान किती, काय पेरणार, अन् मागं घरी कोण बघणार. तिसरा रकाना कोरा असला तर आम्ही नाव पेन्सिलीनं लिहितो.