हौसेचं मोल

१९७७ साली नाताळच्या तोंडावर अमेरिकेतल्या दुकानांत पुठ्ठ्याचं एक पाकीट विकायला आलं. त्यात खेळणं नव्हतं. 'स्टार वॉर्स' मे महिन्यात झळकला होता, चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या होत्या, आणि खेळण्यांचे हक्क घेतलेल्या सिनसिनाटीच्या केनर कंपनीला इतक्या घाईत साचे तयार करून माल बाहेर काढणं जमणारं नव्हतं. मग कंपनीने 'अर्ली बर्ड' नावाने प्रमाणपत्रच विकलं. ते भरून टपालाने पाठवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू असे चार बाहुले घरपोच येणार. धंद्याचा इतिहास लिहिणारे या पाकिटाकडे विक्रीची अफलातून युक्ती म्हणून पाहतात, आणि ती होतीच. मला मात्र त्या पाकिटातली दुसरी एक वस्तू जास्त महत्त्वाची वाटते. सोबत पुठ्ठ्याचा एक छोटा मंच दिला होता, त्यावर बारा पात्रांची चित्रं होती आणि बारा बाहुल्यांच्या जागा. चौघांची वाट पाहणाऱ्या मुलाच्या हाती सगळ्यात आधी पडल्या त्या उरलेल्या आठ रिकाम्या जागा. खेळण्याच्या आधी यादी आली होती.

पुढे ही यादी लांबतच गेली. प्रत्येक बाहुल्याच्या पुठ्ठ्यामागे बाकीच्यांची चित्रं छापलेली असत. आधी १२, मग २०, मग २१, असं करत १९८५ साली मालिका बंद पडली तेव्हा आकडा ९२ वर पोचला होता. आज चाळिशी-पन्नाशीतला संग्राहक जेव्हा 'संच पूर्ण करायचाय' म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा तो जुना छापील पुठ्ठाच वाचत असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लहानपणीच्या खेळण्यांचा संग्रह करणाऱ्याने आपला नियम स्वतः आखावा, कारण जो आखत नाही तो बेशिस्त राहत नाही, तो विक्रेत्याच्या शिस्तीत चालतो. आणि विज्ञानकथेच्या खेळण्यांच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. शेतावरचे प्राणी, बैलगाडी, भातुकली यांना आपोआप हद्द असते. भातुकलीत पळी, तवा, पोळपाट-लाटणं झालं की संसार उभा राहतो. विज्ञानकथा अख्खं विश्व रचते, आणि विश्वाला शेवटचा नग नसतो. 'स्टार वॉर्स'मधल्या त्या कुप्रसिद्ध गुत्त्याच्या प्रसंगात जे चित्रविचित्र प्राणी निमिषभर दिसून जातात, त्यांची पडद्यावर नावंही घेतली जात नाहीत. केनरने त्यांना हॅमरहेड, वॉलरस मॅन, स्नॅगलटूथ अशी सरळसोट नावं देऊन प्लॅस्टिकमध्ये ओतलं. ज्याला कथेत एक वाक्यही नाही, तो यादीत नायकाएवढीच जागा अडवून बसला. कथेची मागणी म्हणून यातलं फार थोडं झालं. यादी भरायची होती म्हणून पुष्कळ झालं.

कुणी म्हणेल, छंदाचे स्वतःचे नियम असतातच की. कसलेल्या संग्राहकांचा व्यवहार किती काटेकोर असतो! असतो, पण त्या काटेकोरपणाचं मूळ पाहा. हे बाहुले कोट्यवधींनी बनले. एवढ्या मुबलक वस्तूत दुर्मिळता आणायची तर ती कारखान्याच्या चुकांत आणि तडजोडींतच शोधावी लागते. जावा नावाच्या बुटक्या प्राण्याला सुरुवातीला व्हायनलचा झगा होता. इतक्याशा बाहुल्याला बाकीच्यांएवढेच पैसे का मोजायचे, असं गिऱ्हाइकाला वाटू नये म्हणून लवकरच कापडाचा झगा आला, असं सांगतात. परिणाम असा की कापडाचा जावा आज सहज मिळतो आणि व्हायनलच्या जावासाठी लोक वेडे होतात. इतके, की दुसऱ्या बाहुल्याचा झगा कापून जावाला चढवणारे ठक निघाले. स्नॅगलटूथची गोष्ट तर विनोदीच आहे. घडवणाऱ्यांपुढे या प्राण्याचा पुरेसा स्पष्ट फोटो नव्हता. १९७८ साली सीअर्सच्या दुकानांसाठी केलेल्या संचात तो उंच, निळ्या कपड्यांत आणि बूट घातलेला आला. चित्रपटात तो बुटका आणि लाल. चूक सुधारली गेली, आणि सुधारलेला लाल स्नॅगलटूथ स्वस्त झाला. १९८५ सालचा याक फेस अमेरिकेत विकलाच गेला नाही, म्हणून अमेरिकन संग्राहकाला तो हवाच. या तिन्ही वस्तू मजेदार आहेत, कारखान्याच्या इतिहासाला त्यांचा उपयोगही आहे. पण नॉस्टॅल्जियाशी त्यांचा संबंध काय? ज्याच्या घरी लाल स्नॅगलटूथ होता, त्याच्या बालपणात निळा कधी नव्हता. तो विकत घेताना हा माणूस दुसऱ्याच कुणाचं तरी बालपण विकत घेतो, आणि वर त्याचे चढे पैसे देतो.

मग स्वतःचा नियम कसा असावा? माझ्या मते आठवणीवर आधारलेल्या संग्रहाचा पहिला नियम आठवणीतूनच निघायला हवा: जे हातात होतं ते, आणि जसं होतं तसं. ऐकायला हे भाबडं वाटतं, पण त्याने छंदातली सगळी उतरंड उलटीपालटी होते. भारताचंच उदाहरण घ्या. १९८७ साली एमआरएफने हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीच्या साथीने फनस्कूल ही कंपनी काढली, तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला, आणि पुढची काही वर्षं इथल्या मुलांना 'जी. आय. जो'चे सैनिक तिच्याकडून मिळाले. या मालिकेत लेझरच्या बंदुका होत्या, यंत्रसैनिक होते, इतिहासातल्या जेत्यांच्या अंशांपासून घडवलेला सम्राटही होता, तेव्हा तिला विज्ञानकथेबाहेर ठेवता येत नाही. परदेशातून आलेल्या साच्यांतून निघालेले हे भारतीय सैनिक कधी भलत्याच रंगाचे असत. परदेशी संग्राहक त्यांच्याकडे गमतीदार आवृत्ती म्हणून बघतात, हौसेने मागवतात, आणि अमेरिकन नगाला मूळ मानतात. नव्वदच्या दशकात पुण्यात किंवा मडगावात वाढलेल्या मुलाने ही क्रमवारी का मान्य करावी? त्याच्या लेखी भडक रंगाचा तो सैनिक हाच मूळ, आणि अमेरिकन सैनिक ही परदेशातली आवृत्ती. जगाच्या बाजारात त्या नगाचं स्थान काय, हा प्रश्न त्याच्या फळीवर गैरलागू आहे. हा निवाडा फक्त स्वतःचा नियम करू शकतो. भावांची यादी करू शकत नाही.

आता पहिला आक्षेप, आणि तो जुनाच आहे: हौसेला मोल नसतं. छंद म्हणजे मनाची मोकळीक. तिथेही कलमं आणि पोटकलमं आणली तर कचेरी आणि कपाट यांत फरक काय उरला? या आक्षेपातला सूर मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. नियमामुळे हौस आटते असा अनुभव संग्रहांच्या इतिहासात दिसत नाही. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीसाठी पुण्यात जे संग्रहालय उभं केलं, ते आठवा. त्यांनी लेखी नियम केला होता असं म्हणता येणार नाही, पण संग्रहाचा रोख स्वच्छ होता: दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, रोजच्या हाताळणीतल्या वस्तू, ज्यांच्याकडे तेव्हाची वस्तुसंग्रहालयं फारशी वळून पाहत नव्हती. त्या एका रोखामुळे हजारो वस्तूंचा पसारा हा पसारा राहिला नाही. (त्याच केळकरांनी कोथरूडचा मस्तानी महाल उतरवून आणून संग्रहालयात पुन्हा उभा केला. नियम मोडायचाच तर अशा थाटात मोडावा.) आणि खेळ तरी नियमांवाचून कुठे होतो? लहान मूल 'ही फरशी म्हणजे समुद्र, पाय टेकला की बाद' असं ठरवतं तेव्हाच खेळ सुरू होतो. तेच मूल मोठं झाल्यावर 'पडलेले, रंग उडालेले नगच घेईन' किंवा 'एका फळीवर मावेल तेवढंच ठेवीन' असं ठरवत असेल, तर ते खेळ विसरलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. नियम तुम्ही खुशाल करा, पण पेटीबंद नग घ्या, तज्ज्ञांकडून तपासून गुणपत्रिका लावून घ्या, काचेसारख्या प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करा. उद्या किंमत वाढेल. अशा गुणपत्रिका देणाऱ्या संस्था आहेत, शंभरपैकी गुण मिळतात, आणि पंच्याऐंशी व नव्वद यांच्यातल्या फरकाला खरोखर पैसे पडतात. याला उत्तर बाजारानेच देऊन ठेवलं आहे. १९९५ साली, तोवर हॅस्ब्रोच्या मालकीच्या झालेल्या केनरने 'स्टार वॉर्स'ची बाहुल्यांची मालिका पुन्हा सुरू केली. आता गिऱ्हाईक शहाणं झालं होतं. मोठ्या माणसांनी एकेकाचे दोन-तीन नग घेतले, एकही उघडला नाही, माळ्यावर नीट रचून ठेवले. ते आजही नीट आहेत, हजारोंच्या संख्येने आहेत, आणि म्हणूनच त्यांना भाव नाही. जुन्या मालिकेतल्या पेटीबंद नगांना भाव आला, कारण त्या काळच्या मुलांनी वेष्टन फाडलं, बंदुका हरवल्या, हातपाय मोडले; नाश झाला म्हणून शिल्लक राहिलेल्याला मोल आलं. शिवाय या बाजाराची मागणी एका पिढीच्या आठवणीवर उभी आहे. १९३४ साली अमेरिकेत डेझी कंपनीने पन्नास सेंटला विकलेल्या, विज्ञानकथेतल्या बक रॉजर्सच्या रॉकेट-पिस्तुलासाठी ज्यांचा जीव टांगणीला लागला होता, ती मुलं आता जवळजवळ उरलेली नाहीत. त्या पिस्तुलाला आता इतिहास आहे, हुरहुर नाही. गुंतवणूक म्हणून बाहुले घेणाऱ्याने हा हिशेब आधी करावा, आणि तो केल्यावर बहुधा त्याला मुदतठेव बरी वाटेल.

'जसं होतं तसं' या शब्दांवर थोडं रेंगाळायला हवं, कारण खरी कुचंबणा तिथे आहे. पांढरं प्लॅस्टिक उन्हाने आणि वयाने पिवळं पडतं. 'स्टार वॉर्स'मधल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकाच्या चिलखताला तर हा रोग हमखास होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की ते पुन्हा पांढरं दिसतं, आणि काही काळाने पिवळेपणा परतूही शकतो. हरवलेल्या बंदुकांच्या हुबेहूब नकला विकत मिळतात. पाण्यात टाकून तरंगते की बुडते यावरून अस्सल-नक्कल ओळखण्याची एक लोकप्रिय चाचणी आहे, तिच्यावर फार भरवसा ठेवू नये. माझं मत सांगतो: पिवळेपणा राहू द्यावा, नक्कल बंदूक घेऊ नये, आणि घेतलीच तर ती नक्कल आहे हे वहीत लिहून ठेवावं, कारण पुढचा घेणारा फसतो तो याच गप्प राहण्यामुळे. यावर कुणी विचारेल, मुलाच्या हातात तर तो बाहुला पांढराशुभ्र होता, मग पिवळा कसा चालतो? चालतो, कारण ही खेळणी भविष्याची होती. १९७८ सालच्या मुलाला त्यात येणारा काळ दिसत होता. तो काळ आला, वेगळाच आला, आणि निघूनही गेला. पिवळं चिलखत हे सगळं एका नजरेत सांगतं. धुऊन पुसून चकचकीत केलेला बाहुला दुकानात पुन्हा ठेवायच्या लायकीचा होतो, एवढंच.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांनी काय करायचं? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' पाहणाऱ्या किती मुलांना तो यंत्रमानव खेळायला मिळाला? त्यांच्या आठवणीत खेळणं नाही, खेळण्याची इच्छा आहे, आणि इच्छेलाही आठवणीचा हक्क आहेच. तेव्हा 'हवं होतं ते' हाही रास्त नियम ठरतो. फक्त त्याची फळी वेगळी ठेवावी, कारण इच्छा पहिल्या नियमाच्या फळीवर शिरली की तिला हद्द राहत नाही, आणि तिची किंमत त्या वेळच्या मापाने मोजावी. याची कसोटी 'स्टार वॉर्स'मधल्या बोबा फेटवर लावून पाहता येते. १९७९ साली केनरने जाहीर केलं की चार खरेदीचे पुरावे पाठवा, पाठीवरचं रॉकेट उडवणारा बोबा फेट फुकट मिळेल. पण दुसऱ्या कंपनीच्या अंतराळयानाचं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं होतं, आणि केनरने रॉकेट पक्कं चिकटवून टाकलं. वाट पाहणाऱ्या मुलांना न उडणाऱ्या रॉकेटचा बोबा फेट आणि सोबत खुलासा करणारं पत्र मिळालं. उडणाऱ्या रॉकेटचे मोजके नमुने कारखान्याबाहेर आले, आणि त्यातल्या हाताने रंगवलेल्या एकाला २०२४ साली लिलावात ५ लाख २५ हजार डॉलर मिळाले. तो नमुना कुठल्याच मुलाच्या हातात पडला नव्हता, त्यामुळे पहिल्या नियमात तो बसत नाही. दुसऱ्या नियमात बसेल, पण मुलाने तो चार पुराव्यांच्या बदल्यात मागितला होता, पाच लाख डॉलर मोजून मागितला नव्हता. ज्यांच्या घरी टपालाने खरोखर आला तो चिकटवलेल्या रॉकेटचा. सुटा बोबा फेट आजही त्या नमुन्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या किमतीत मिळतो, आणि संग्रहात घ्यायचा तर तोच घ्यावा.