चाकाचे भाडे

अंगण ही घराची सर्वांत स्वस्त खोली. तिला छप्पर नाही, दार नाही, रंगरंगोटी नाही. सकाळी सडा टाकला की तिचे काम झाले. पण आमच्या पंढरपुरात वर्षातून तीन-चार दिवस या बिनछपराच्या खोलीला असा भाव येतो की माडीवाल्यांनीही हेवा करावा! आषाढीला बाहेरगावच्या गाड्या गावाच्या वेशीवरच अडवल्या जातात. लोक पायी देवळाकडे जातात. पण गाडीला कुठेतरी उभे राहावेच लागते. मग वेशीजवळ राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या दारात कुणीतरी येऊन विचारते, "काकू, गाडी लावू का हितं?"

आमचे अंगण ५० फूट लांब आणि ३६ फूट रुंद आहे. एका मोटारीला दार उघडण्यापुरती जागा धरून ८ फूट बाय १६ फूट लागतात. म्हणजे कागदावर १२ मोटारी बसतात. पण गाडी आत घेतली तशी बाहेरही काढावी लागते, हे गणिताला ठाऊक नसते! वाट सोडली, लिंबाचे झाड सोडले, तुळशीवृंदावन आणि त्याच्यालगतचा दिंडीचा कोपरा सोडला की उरतात ७.

आमचे अप्पा हमाली करतात. आई कुंकू, बुक्का आणि लाह्या विकते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे वही माझ्याकडे. गाडीचा नंबर, मालकाचा फोन आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'परत कधी निघणार?' मुखदर्शन घेऊन लगेच फिरणाऱ्याची गाडी फाटकाजवळ. पददर्शनाच्या रांगेत उभा राहणारा उद्यापर्यंत येत नाही, त्याची गाडी भिंतीला. हा क्रम चुकला तर पहाटे तीनला सात जणांना उठवावे लागते. आषाढाचा पाऊस असतो, म्हणून आधी मुरूम टाकावा लागतो. नाही तर चाक रुतते आणि भाडे देणारा उलट आपल्यालाच बोलतो. काही जण दारापुढच्या रस्त्यालाही दोरी बांधून पैसे घेतात. अप्पांनी ते कधी केले नाही. "रस्ता आपल्या सातबाऱ्यावर न्हाई," एवढेच ते म्हणतात.

हा धंदा आम्ही हौसेने सुरू केला नाही. १ जुलै २०२० च्या आषाढीला पालख्या एस.टी.ने आल्या आणि गावात संचारबंदी होती. २०२१ सालीही तेच. वारीवर जगणारे गाव दोन वर्षे दार लावून बसले. आईचा बुक्का डब्यात राहिला आणि वाण्याची उधारी वाढत गेली. २०२२ साली वारी पुन्हा भरली, तेव्हा कुणीतरी गाडीचे विचारले आणि आई 'हो' म्हणाली. आजी मात्र काही बोलली नाही.

आजीचे म्हणणे निराळे होते. आमच्या अंगणात तिच्या सासऱ्याच्या काळापासून परभणीकडची एक दिंडी उतरते. गाडीवाले द्वादशीला पारणे फेडून निघून जातात. दिंडी दशमीला येते आणि पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्यावरच हलते. सहा दिवस अंगणात टाळ, भाकरीचा धूर आणि पाय चेपत बसलेल्या म्हाताऱ्या. त्यांच्याकडून आम्ही कधी पैसा घेतला नाही.

२०२५ च्या आषाढीआधी मामा आले आणि त्यांनी हिशेब मांडला. वृंदावन परसात हलवा, दिंडीला यंदा मठात जायला सांगा. दोन गाड्या वाढतील. दिवसाचे २०० रुपये, तीन दिवस, ९ गाड्या, म्हणजे ५४०० रुपये. मुरूम आणि बल्ब-वायरचे १४०० गेले तरी ४००० उरतात. मला मराठी टायपिंगचा क्लास लावायचा होता आणि त्याची फी होती ३५००. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. वाचकहो, त्या वेळी मला ती तुळस दोन गाड्यांएवढीच दिसत होती, हे खोटे कशाला सांगू?

आजी म्हणाली, "तुळस हलवायची न्हाई. आन चालत आलेल्याला फाटकातनं परत धाडायचं न्हाई."

"मग पोरीची फी?" आईने विचारले. त्यावर आजीजवळ उत्तर नव्हते. कुणाजवळच नव्हते.

दशमीला दिंडी आली. तिच्यातल्या जुन्या बाबांच्या कानावर आमची कुजबुज गेली असावी. ते अप्पांना म्हणाले, "आम्हीबी भाडं देतो की. जग बदललं, त्यात वाईट काय?" अप्पा खाली बघत राहिले. मग बाबा म्हणाले की दिंडीचा सामानाचा ट्रक दरवर्षी लांब कुणाच्या रानात लावावा लागतो, रात्री राखण करायला दोन माणसे अडकतात. तो अंगणात लावू दिलात तर १००० रुपये देऊ. तेव्हा आजी बोलली, "चाकाचं भाडं घ्या. पायाचं घेऊ नगा."

ट्रकने दोन गाड्यांची जागा घेतली. ५ गाड्यांचे ३००० आणि ट्रकचे १०००. खर्च वजा जाता २६०० उरले. मामांच्या हिशेबापेक्षा १४०० कमी. क्लासचा पहिला हप्ता भरला. उरलेल्या ९०० साठी अप्पांनी जादा पाळ्या केल्या. तेव्हा आजीचे वाक्य फुकट पडले नाही. त्याची किंमत अप्पांच्या पाठीने दिली, आणि हे मला विसरता येत नाही.

पुढे अर्थशास्त्राच्या तासाला 'खंड' हे प्रकरण आले. भूमीच्या मोबदल्याला खंड म्हणतात आणि रिकार्डोने १८१७ सालच्या आपल्या ग्रंथात त्याचा सिद्धान्त मांडला. जमिनीचा भाव मालकाच्या कष्टाने ठरत नाही. ती कशी आहे, कुठे आहे, तिची गरज किती, यावर ठरतो, असे सरांनी सांगितले. मी आमच्या अंगणाचा विचार करू लागले. वर्षातले ३६० दिवस या जागेला कुणी दमडी देणार नाही. मग त्या तीन दिवसांत तिला किंमत कुणी आणली? अप्पांनी नव्हे, माझ्या वहीने तर नव्हेच. शेकडो वर्षे जे चालत आले, त्यांनी या गावाला यात्रेचे गाव केले. गाड्या त्यांच्या मागून आल्या. ज्या पायांनी आमच्या मातीला मोल आणले, त्यांच्याकडूनच त्या मातीचे भाडे कोणत्या तोंडाने मागायचे?

आजीला सही करता येत नाही. ती अंगठा उठवते. रिकार्डोचे नाव तिला सांगितले तर "कुठल्या गावचा?" असे विचारील. पण जो फरक समजायला मला दोन वर्षांचे कॉलेज लागले, तो तिने एका वाक्यात केला होता.

यंदाच्या वहीत मी दोन रकाने आखले आहेत. 'चाके' या रकान्यात आकडे आहेत. 'पाय' या रकान्यात फक्त नावे लिहायची, असे ठरवले आहे.