डोक्यातली गाठ: क्षयाची की जंताची?

मेंदूच्या एमआरआयमध्ये सुपारीहून लहान गोल कडे दिसले, तर आपल्या देशात दोन शक्यता आधी पाहाव्या लागतात. एक मेंदूचा क्षय, दुसरी पट्टकृमीची अळी. फोटोत दोन्ही सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, औषध मात्र निराळे. वाणगावला आमच्या चौदा वर्षांच्या पुतण्याला आकडी आली, तेव्हा हे आम्हाला कळले.

कोणी म्हणाले बाहेरचे आहे, कोणी कांदा हुंगवला. (आकडीत कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये.) पहिल्या डॉक्टरांनी फोटो पाहून क्षयाच्या गोळ्या लिहिल्या. मेंदूच्या क्षयाला त्या नऊ ते बारा महिने, कधी जास्तही लागतात, यकृताला त्रास होऊ शकतो. क्षय असेल तर एक दिवस चुकवू नये. पण नसेल तर? वहिनी अडून बसली आणि आम्ही लोकलने मुंबई गाठली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. "ताई, कड्याच्या आत हे टिंब दिसतंय ना? ते अळीचं डोकं."

टिंब नेहमी दिसतेच असे नाही. पूर्वी अशा बहुतेक गाठी क्षयाच्याच समजत. गाठ विरली की श्रेय गोळ्यांना. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रियेने काढलेल्या लहान गाठी तपासल्या, तर बऱ्याच जंताच्या निघाल्या. १९८९ मध्ये ते छापून आले. १९९३ मध्ये तिथल्याच डॉ. राजशेखर व सहकाऱ्यांनी खुणा सांगितल्या: गाठ २० मिलिमीटरच्या आत, कडा नीट गोल, मेंदू एका बाजूला सरकलेला नाही, हातापायाची ताकद कमी होत चाललेली नाही, तर ती बहुधा जंताची. मोठी, वेडीवाकडी असेल तर क्षयाचा संशय धरावा.

वस्तीबाहेरचे एक गृहस्थ म्हणाले, "डुकराचं खाता, मग होणारच." वहिनीला ते फार लागले. तिने बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ले तर जंत आतड्यात होतो. मेंदूत अळी जाते ती जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पाण्यातून, न धुतलेल्या पाल्यातून, हातातून पोटात गेली तर. जन्मभर शाकाहारी असलेल्यांनाही होते.

बाईंनी मग घरातल्या सगळ्यांची शौचतपासणी करायला लावली. पुतण्या आता नववीत आहे. आकडीची गोळी रात्री वहिनी स्वतः हातावर ठेवते. पुढचा फोटो दिवाळीनंतर.