जवारी

गाण्यातले आम्हांस थोडेफार कळते, असा आमचा पूर्वापार समज होता. त्याला आधार एवढाच की आमचा जन्म मिरजेचा. मिरजेच्या माणसाला गाता आले नाही तरी चालते. परंतु समोरचा तंबोरा बोलतो आहे की नुसता वाजतो आहे, हे त्याला कळलेच पाहिजे. शाळेत जाता-येता सतारमेकर गल्लीत पंढरपूरकडचे भोपळे रचून ठेवलेले आम्ही पाहत असू. एखादा वृद्ध कारागीर घोडीवर कानस फिरवी, तारेखाली सुताचा धागा सरकवी, कान लावी, पुन्हा धागा केसभर मागे घेई. आणि मग एका क्षणी ती तार एकाएकी उजळे, एका सुरातून दहा सूर निघत. जवारी लागली, असे म्हणून तो हसे. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्ही कार्यालयात स्वखर्चाने पेढे वाटले. उच्चश्रेणी लिपिकाच्या पगारात यापरते ग्रामप्रेम बसत नाही.

हा कान घेऊन आम्ही दिल्लीत मुनिरका गावात राहतो. गाव म्हणावयाचे ते जुन्या सवयीने. चार-पाच मजली घरे एकमेकांना इतकी खेटलेली की समोरच्या सज्जातले कपडे आमच्या खिडकीतून काढता यावेत. वर विजेच्या तारांचे जाळे, खाली सुक्या मासळीची आणि बांबूच्या कोंबांची दुकाने. कारण मणिपूर, नागालँड, मेघालय येथून शिकावयास आणि नोकरीस आलेली पुष्कळ मुले इथे भाड्याने राहतात. आमच्या समोर असाच शिलाँगचा एक मुलगा राही. त्याच्यापाशी बारा तारांची गिटार होती आणि रात्री दहानंतर तो ती वाजवी.

वाचकहो, आमचा अपराध येथेच सांगून टाकतो. त्या दिवसांत आमची विभागीय परीक्षा जवळ आली होती. नियमांच्या पुस्तकावर डोळे ठेवावेत आणि समोरून झणझण सुरू व्हावी. दोन्ही घरांचा मालक एकच. भाडे देतेवेळी आम्ही त्याला एवढेच म्हणालो, की समोरून रात्री जरा त्रास होतो. मुलाला सांगावयाचे ते आम्ही मालकाला सांगितले. खिडकीतून हाक मारणे आम्हांस अवघड वाटले. चार हातांचे अंतर ओलांडण्यापेक्षा तीन जिने उतरणे सोपे वाटले. पुढच्या महिन्याची एक तारीख उजाडण्यापूर्वी ती खोली रिकामी करवली गेली. अशा मुलांना खोली सोडावयास सांगताना कारणे फारशी शोधावी लागत नाहीत. आम्ही एक आयतेच पुरविले होते.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्या दारी आला. हातात आमचाच स्टीलचा डबा होता. गणेशचतुर्थीला त्यातून आम्ही त्याला मोदक पाठविले होते आणि मग विसरून गेलो होतो. डबा रिकामा परत करू नये ही आमच्याकडची रीत त्याला कोणी सांगितली असेल कोण जाणे. आत एक घडी घातलेला कागद होता. एकदा पाण्याच्या टाकीपाशी आम्ही केवळ शिष्टाचार म्हणून, तू वाजवतोस ते काय, असे विचारले होते. त्याने ते लक्षात ठेवून चार ध्वनिमुद्रिकांची नावे लिहून आणली होती. नमस्कार करून तो गेला. तक्रार कोणाची हे त्याला ठाऊक होते की नव्हते, हे आम्हांस आजही उमगलेले नाही.

परीक्षा झाली. आम्ही उत्तीर्ण झालो. मग एका सकाळी मुनिरका स्थानकावर मेट्रोत बसलो आणि कानांत यंत्र घालून यादीतील पहिले नाव लावले. हौज खासला गाडी बदलावयाची असते. ती आम्ही त्या दिवशी चुकविली.

ती जवारीच होती. दुसरा शब्द आमच्यापाशी नाही. बारा तारांच्या गिटारीत तारा जोडीने बसविलेल्या असतात. खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीच्या वरच्या सप्तकात, उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही एकाच सुरात. माणसाच्या हाताने लावलेल्या दोन तारा तंतोतंत कधीच जुळत नाहीत, आणि त्या किंचित न जुळण्यातूनच तो लखलखाट निघतो. १९६४ साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने ही विजेवर चालणारी गिटार चित्रपटात वाजविली. ती पाहून अमेरिकेतील रॉजर मॅग्विनने तशीच घेतली आणि १९६५ साली बर्ड्स या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका तिच्या झंकाराने गाजली. ही मंडळी पंडित रविशंकरांची सतार मन लावून ऐकत. सांगलीकडचे तरफांचे वेड इतके दूर पोहोचले होते, आणि आमच्या खिडकीपर्यंत आले तेव्हा आम्ही त्याला त्रास म्हणालो!

या झंकाराला गोड चाल आणि ठोस ताल यांची जोड मिळाली की त्या प्रकाराला पॉवर पॉप म्हणतात. हा शब्द पीट टाउनशेंड याने १९६७ साली वापरला. यादीतील पहिले नाव जुने होते : मेंफिसच्या बिग स्टारची १९७२ ची 'नंबर वन रेकॉर्ड'. ती दुकानांत धडपणे पोहोचलीच नाही. जाणत्यांनी वाखाणली आणि फार थोड्यांनी विकत घेतली. ऐकणारे कान तिला बऱ्याच वर्षांनी लाभले. उरलेली तीन नवी आहेत, आणि वाचकांनी ती अवश्य ऐकावीत. स्कॉटलंडच्या टीनेज फॅनक्लबची 'नथिंग लास्ट्स फॉरएव्हर' (२०२३) ही प्रौढ माणसांची ध्वनिमुद्रिका आहे. उजेडाचा उल्लेख तीत पुनःपुन्हा येतो आणि आवाज कोठेही चढत नाही. सायंकाळी दमून परतताना ती ऐकावी. लेमन ट्विग्ज या न्यूयॉर्ककडच्या दोघा भावांची 'अ ड्रीम इज ऑल वी नो' (२०२४) सकाळी ऐकावी. साठ वर्षांपूर्वीचा तो लखलखाट तीत जसाच्या तसा उतरला आहे. न्यूझीलंडच्या द बेथ्सची 'एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड' (२०२२) मात्र एकांतात ऐकावी. एखाद्या माणसाविषयी आपण सारे काही शिकलो आणि तो माणूसच निघून गेला, तर त्या ज्ञानाचे करावे काय, असा तिच्या शीर्षकगीताचा प्रश्न आहे. टंकलेखन आणि लघुलेखन शिकलेले वडीलधारे सहकारी आमच्या कार्यालयात आहेत. शीर्षकाचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

बृहन्महाराष्ट्रातील आपण सारे परगावी गणपती बसवितो, रात्री उशिरापर्यंत झांजा वाजवितो. आमच्या सज्जासमोरही त्या वाजल्या आहेत. त्या मुलाने कधी कोणाकडे तक्रार केली नाही. एकदा तर तो आरतीच्या तालावर कठड्यावर बोटे आपटीत उभा होता.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये बेथ्सची नवी ध्वनिमुद्रिका निघाली, 'स्ट्रेट लाइन वॉज अ लाय'. आम्ही ती पहिल्याच आठवड्यात ऐकली. आमच्या मनाने निवडलेली ही पहिलीच, आणि ती सुचवावी असा माणूस एकच. त्याचा दूरध्वनी क्रमांक आम्ही घेतला नव्हता. समोरच्या खोलीत आता कोणी बँक परीक्षेचा विद्यार्थी आहे. तो अगदी शांत असतो. आम्ही त्याच कागदावर खाली पाचवे नाव लिहिले, कागद डब्यात ठेवला आणि डबा खिडकीत, समोरून दिसेल असा.