चिखल उतरल्यावर

‘यंदा तरी एखादे प्रवासवर्णन दे,’ असा आमच्या अंकाच्या संपादकांचा आग्रह होता. पण डोंगरावर जाण्याविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. सूर्योदय, धुके, धबधबा, टपरीवरचा चहा या साऱ्यांना मराठी वाङ्मयात आपापली जागा मिळालेली आहे. परत आल्यावर त्या बिचाऱ्या गाडीचे काय होते, याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. म्हणून ठरवले की, आपला लेख प्रवास संपल्यावरच सुरू करायचा.

आमचे घर बेगम बाजारात आहे. निजाम अली खान म्हणजे दुसरे असफजाह यांच्या बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आमच्या गल्लीत दिवसभर पितळेची, तांब्याची, स्टीलची भांडी हातगाड्यांवर चढत-उतरत असतात. माझे वडील अशाच एका भांड्यांच्या पेढीवर गेली 28 वर्षे काम करतात. घरात वाहन एकच, उंच बांध्याची आणि तारांच्या चाकांची 200 सीसीची मोटारसायकल. सोमवार ते शनिवार ती बाबांची. उधारीच्या वसुलीसाठी ते तिच्यावरून हैदराबाद-सिकंदराबाद पालथे घालतात. रविवारी ती माझ्या वाट्याला येते, आणि मी व माझा एक मित्र विकाराबादजवळच्या अनंतगिरीकडे निघतो. राखीव जंगलात शिरायचे नाही, हा आमचा नेम. भोवतालच्या गावांच्या पाणंदी, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि दगडगोट्यांचे ओढे आम्हांला पुरेसे होतात.

आमची मुसी नदी याच टेकड्यांत उगम पावते. 28 सप्टेंबर 1908 रोजी तिला आलेल्या महापुराने अफजलगंज आणि काठच्या वस्त्यांची दाणादाण उडवली होती. पुढे पूर आवरण्यासाठी तिच्यावर धरण घातले गेले आणि 1920 मध्ये उस्मानसागर तयार झाला. आता तिकडचा चिखल नदी आमच्या दारात आणीत नाही. ते काम रविवारी संध्याकाळी मी करतो!

विनोद सोडला, तरी हा चिखल साधा नसतो. पूर्वी मी वाळलेली ढेकळे घरी येऊन खरवडीत असे. नळाचे पाणी मोजके, गटार अरुंद. म्हणून आई ती तांबडी माती पाटीत गोळा करून तुळशीच्या कुंडीत घाली. पंधरा-वीस दिवसांनी तुळशीशेजारी दुसरेच एक रोप तरारून वर आले. पाने गाजराच्या पाल्यासारखी. ते गाजरगवत होते! 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आज देशभर पसरले आहे, आणि त्याचे बारीक बी गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलातूनही गावोगाव फिरते. ऑस्ट्रेलियात बाहेरून आणलेल्या जुन्या गाडीला माती किंवा बी चिकटलेले आढळले, तर स्वच्छ केल्याशिवाय तिला बंदरातून सोडत नाहीत, असे वाचले होते. त्यामागचे कारण मला आमच्या तुळशीने समजावले. तेव्हापासून पहिला चिखल आम्ही पाणंदीच्या तोंडाशीच काठीने काढतो. जिथली माती तिथेच राहावी. टायरमधली हवा दगडांसाठी थोडी कमी केलेली असते, तीही डांबरी सडकेवर येताच पुन्हा भरून घेतो.

घरी आल्यावर लगेच पाणी ओतायचे नाही. इंजिन आणि सायलेन्सर निवेपर्यंत थांबायचे. तापलेल्या धातूवर गार पाणी पडणे बरे नव्हे. तेवढ्यात आपलाही चहा होतो. मग दोन बादल्या, एक मग, चिंध्या आणि आमच्याच बाजारात मिळणारा मऊ ब्रश. मित्र म्हणतो, “सर्व्हिसिंगवाल्याकडे नेली की जोराच्या फवाऱ्याने पाच मिनिटांत लख्ख होते.” होते खरी. पण तो फवारा चाकांच्या बेअरिंगवर, फोर्कच्या सिलांवर किंवा विजेच्या जोडांवर जवळून बसला, तर वंगण बाहेर जाते आणि पाणी आत राहते. शिवाय फवारा मारणारा दूर उभा असतो. चिंधीने पुसणाऱ्याचा हात मात्र प्रत्येक बोल्टवरून फिरतो. सैल झालेला नट डोळ्याआधी बोटाला कळतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी इंजिनाखालचे संरक्षक पत्र्याचे कवच. त्यात खडे, गवत, ओला पाचोळा अडकून राहतो. मग टायर. बाभळीचा काटा रबरात मोडून बसला असेल, तर तो आज हवा सोडीत नाही; चार दिवसांनी, भर रस्त्यात सोडतो. मग पुढच्या फोर्कच्या नळ्या पुसून त्यांवर तेलाची कडी दिसते का ते पाहायचे. दिसली तर सील गेले समजावे. ब्रेकच्या पॅडमध्ये अडकलेली रेती धुवून काढायची. चेन साफ करताना इंजिन बंदच हवे. चालू चेनमध्ये चिंधी धरणाऱ्यांची बोटे गेल्याच्या हकिकती प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात. चेन कोरडी झाली की तेल, आणि मग तिचा ढिलेपणा पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहायचा. इंजिन-ऑइल दुधाळ दिसले, तर ओढ्याचे पाणी आत गेले असे मानून गाडी सुरूच करायची नाही. शेवटी गल्लीत हळू एक फेरी मारून ओले ब्रेक दोन-चारदा हलके दाबायचे.

हे सारे मी पुस्तिकेवरून आणि उस्तादांकडून शिकलो. एक गोष्ट मात्र बाबांची आहे.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी मागचे चाक फिरवीत, पान्याच्या टोकाने एकेक स्पोक वाजवून पाहत होतो. बाबा ओट्यावर वसुलीची वही जुळवीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण म्हणाले, “थांब. मघाचा पुन्हा वाजव.”

“कोणता, बाबा?”

“दोन मागचा. हा बद्द वाजतोय.”

मला तर सगळे सारखेच ऐकू आले होते. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक कळशी उचलते आणि टिचकी मारते. खणखणीत वाजली तर घेते, बद्द वाजली तर खाली ठेवते. बाबांचे कान 28 वर्षे या नादावरच तयार झालेले. ते उठून आले, माझ्या हातून पाना घेतला आणि 36 पैकी तीन स्पोक बाजूला काढले. दोन सैल होते. तिसऱ्याला, चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी जिथे तार वाकते तिथे, केसाएवढी चीर होती. चिखलाखाली ती कोणालाच दिसली नसती.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. बाबा सकाळी नऊला त्याच गाडीवर बसून सिकंदराबादला जाणार होते. एक स्पोक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर येतो, आणि मग तेही एकामागून एक जातात. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी वही बंद केली आणि म्हणाले, “उद्या मी बसने जातो. तू चाक घेऊन जा.”

सकाळी उस्तादांनी चीर पाहिली आणि म्हणाले, “अच्छा हुआ देख लिए मियाँ. एक टूटा तो बाजूवालोंकू बी लेके जाता.” त्यांनी नवा स्पोक घातला, चाक फिरवीत एका बाजूचे निपल सैल, दुसऱ्या बाजूचे घट्ट करीत रिम सरळ केली. तासाभराचे काम. पैसेही फार लागले नाहीत.

त्या सोमवारनंतर माझ्या मनात गाडी धुण्याचा अर्थ बदलला. येणारे-जाणारे म्हणतात, “वा, चकाचक केलीस!” त्यांना चकाकी दिसते. पण धुणे हे पाहण्यासाठी असते. चिखल काढतो तो खाली काय आहे ते कळावे म्हणून. डोंगरावरचा आनंद माझा असतो, पण त्या आनंदाने गाडीला काय झाले, याची झळ दुसऱ्याच माणसाला लागू शकते. आपल्यानंतर त्या वस्तूवर कोण बसणार आहे हे ठाऊक असले, म्हणजे हात आपोआप सावकाश फिरतो.

आता आम्ही अनंतगिरीहून दुपारी दोनलाच परत फिरतो. मित्र कुरकुरतो, खरी मजा संध्याकाळीच असते, म्हणतो. पण चाके तपासायची तर उजेड हवा. शिवाय त्या वेळी दुकान बंद असल्याने बाबा ओट्यावर असतात. मी पाना वाजवतो, आणि ते वहीवरची नजर न काढता ऐकत असतात.