क्वेकरांच्या बिऱ्हाडीं एक वर्ष

माझ्या पुतण्याचा मुलगा अमेरिकेंत पदवीधर झाला, आणि वैद्यकीच्या अभ्यासाकडे वळण्यापूर्वीं एक वर्ष क्वेकर व्हॉलंटरी सर्व्हिस या संस्थेच्या फिलाडेल्फिया येथील बिऱ्हाडांत काढण्याचें त्यानें ठरविलें. ही २०१८ सालची गोष्ट. लागलीच पुतण्याचें मला पत्र आलें: "काका, तुमचा शब्द तो मोडणार नाहीं. वर्ष फुकट जाईल, हें त्यास समजावून सांगा." समजावण्यापूर्वीं मीं मुलासच विचारलें, बाबा रे, हे क्वेकर कोण, आणि त्यांच्या घरीं तूं करणार काय?

सतराव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज फॉक्सनें चालविलेला हा पंथ. त्यांच्या जुन्या वळणाच्या उपासनेंत पुरोहित नाहीं कीं मूर्ति नाहीं. मंडळी तासभर मौन धरून बसतात, आणि ज्यास अंतरांतून स्फुरण होईल तो उठून चार शब्द बोलतो. युद्ध त्यांस वर्ज्य. १९४७ सालचें शांततेचें नोबेल पारितोषिक त्यांच्याच इंग्लंड व अमेरिकेंतील दोन सेवासंस्थांस मिळालें. सेवाग्रामीं नई तालीमचें काम केलेल्या मार्जरी साइक्स कांहीं वाचकांस ठाऊक असतील, त्याहि क्वेकरच.

बिऱ्हाडांत सात तरुण मुलेंमुली होतीं. दिवसां प्रत्येकानें निरनिराळ्या सेवासंस्थेंत राबावयाचें. राहणें, जेवण व अल्प हातखर्च मिळे. नातवाच्या वांट्यास, घराबाहेर काढल्या जाणाऱ्या भाडेकरूंना साह्य करणारी कचेरी आली. त्या कामाचा त्यास त्रास झाला नाहीं. झाला तो स्वयंपाकघराचा. तेथें मांस शिजवावें कीं नाहीं? हात वर केले असते तर दोन मिनिटांत निकाल लागता. परंतु क्वेकरांत मतें मोजीत नाहींत. सर्वांचें मन एका ठायीं येईपर्यंत थांबावयाचें. तीन आठवडे लागले, आणि ठरलें काय, तर निराळा तवा व निराळी कढई! मला हंसूं आलें. माझ्या आजीनें हें कोणास न विचारतां एका सकाळींत ठरविलें असतें.

पण सर्वच प्रश्न कढईचे नसतात. १६८८ सालीं फिलाडेल्फियाजवळील जर्मनटाउनच्या चौघा गृहस्थांनीं गुलामगिरीचा लेखी निषेध क्वेकर सभेपुढें ठेविला. आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्याची बंदी फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें केली ती १७७६ सालीं. मध्यें अठ्ठ्याऐंशी वर्षें गेलीं. एकमताची वाट पाहण्यांत धन्याचें कांहीं गेलें नाहीं. जें गेलें तें गुलामांचें. हें मीं नातवास स्पष्ट कळविलें. त्याचें उत्तर आलें: "आजोबा, आमच्या घरांत रविवारीं याच गोष्टीवर भांडण झालें. दोघीजणी जेवल्या नाहींत." त्यानंतर वर्ष फुकट जाण्याविषयीं मीं त्यास कांहीं लिहिलें नाहीं.

अकरा महिने पुरे करून तो वैद्यकीस गेला. पुतण्या अजूनहि तें वर्ष बुडीत खातींच मांडतो.

गेल्या हिवाळ्यांत नातू वाईस आला, तेव्हां आमचा वाडा विकण्याविषयीं बैठक चालली होती. नऊ हिस्सेदार, सहा विकण्याच्या बाजूचे. कोणीतरी मतें घ्या म्हणालें. नातू म्हणाला, "त्याआधीं थोडा वेळ सगळेच गप्प बसूं या का?" पाव तास कोणी बोललें नाहीं, पुढच्या आळींतील गिरणी तेवढी ऐकूं येत होती. मग माझी थोरली बहीण, जी अशा बैठकींत केवळ चहा देऊन आंत जात असे, म्हणाली, "मागल्या दोन खोल्यांत मी मरेपर्यंत राहणार आहें. पुढें काय तें करा."

दलालास निरोप धाडला आहे. माघांत पुन्हां बसावयाचें आहे, आणि त्या वेळीं चहा मीं करावयाचा असें ठरलें आहे.