मुरवलेल्या माशाला सॉस

लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात आता जी हॉटेलं उभी आहेत, त्यांच्या मेन्यूकार्डावर 'केजन' हमखास सापडतं. केजन प्रॉन्स, केजन फिश फिंगर्स, केजन डिप. मागवलं की छोट्या वाटीत नारिंगी, गुळगुळीत, जरासं गोडसर काहीतरी येतं. बाजारचं मेयोनीज, त्यात केचप, वर तिखट, झाला सॉस. मी थंड किचनचा माणूस. दादरच्या कॅटरिंग कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हापासून, आधी हॉटेलांत आणि पुढे अमेरिकन प्रवासी जहाजांवर, सॅलड आणि सॉस हेच माझं खातं. आता काळाचौकीत माझं छोटं किचन आहे, तिथून पार्ट्यांना माल जातो. ती नारिंगी वाटी वाईट लागते असं मी म्हणणार नाही. थंड बिअरबरोबर बरंच काही खपून जातं. माझी तक्रार वेगळी आहे. तो सॉस ज्या माशासाठी तयार झाला, तो मासा आपल्या ताटात नसतोच.

केजन म्हणजे मूळचे अकेडियन, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या भागात वसलेले फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हाकललं. त्यांतले बरेचसे फिरत फिरत लुइझियानाच्या दलदलीत आणि गवताळ प्रदेशात स्थिरावले. तिथे त्यांना कोळंबी, खेकडे, क्रॉफिश आणि तिखट मिरची भेटली. फ्रान्सच्या स्वयंपाकघरातला रेमुलाड, म्हणजे मेयोनीजमध्ये मोहरी, केपर्स, खारवलेली काकडी आणि हिरवा पाला घालून केलेला सॉस, लुइझियानात लाल आणि झणझणीत झाला. चोखंदळ माणूस इथे भांडेल की हा सॉस शहरी क्रिओल लोकांचा, गावाकडच्या केजनांचा नव्हे. खरंच आहे ते. न्यू ऑर्लिन्सचं 'आर्नोज' हे हॉटेल १९१८ पासून कोळंबीवर असाच सॉस घालून वाढतंय. पण ती कोळंबी कशी असते ते बघा: उकडलेली, सोललेली, गार केलेली. तिला स्वतःचा गोडवा आहे, बाकी फारसं काही नाही. म्हणून आंबट, तिखट, खारट, मोहरीचा झणका हे सगळं सॉसने आणायचं. तेलाचं काम ते सगळं कोळंबीला धरून ठेवायचं.

आपल्याकडे उलटं असतं. भाऊच्या धक्क्यावरून कोळंबी आली की साफ करून आधी हळद-मीठ, मग आगळ किंवा चिंचेचा कोळ, मग आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, वर मालवणी मसाला. अर्धा तास मुरवायची, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवायची, तव्यावर टाकायची. तव्यावर जाण्याआधीच आंबट, तिखट, खारट तिन्ही तिच्यात शिरलेलं असतं. आता अशी कोळंबी रेमुलाडमध्ये बुडवा. आंबटावर आंबट, मिठावर मीठ. जीभ दुसऱ्या तुकड्यालाच कंटाळते. मग हॉटेलवाले त्यात साखर वाढवतात, आणि त्या वाटीला तो गोडसरपणा येतो.

माझ्या मते इथे सॉसात काही वाढवायचं नसतं, काढायचं असतं.

गिरणगावात तळलेल्या माशासोबत बुडवायची वाटी कधी नव्हतीच. खाणावळीच्या ताटात तुकडी, शेजारी कालवण, भात, सोलकढी. तुकडीचा कडक कोपरा कालवणात टेकवून खाणारे होते, आजही आहेत. कुरकुरीत आणि ओलं यांचं लग्न तिथे होत होतं, पण भाताच्या साक्षीने. भाताशिवाय नुसता मासा, हातात ग्लास आणि मध्ये वाटी, हा प्रकार बारच्या टेबलावरून आला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, खाणावळी आटल्या, आणि त्याच जागांवर स्टार्टर खाणारी गिऱ्हाइकं आली. मला त्यात रडण्यासारखं काही दिसत नाही. माझं पोट त्याच गिऱ्हाइकांवर चालतं. फक्त वाटीत जे जाईल ते आपल्या माशाशी बोलणारं असावं.

आता सॉस. मेयोनीज म्हणजे थोड्याशा पाण्यात अडकवलेले तेलाचे असंख्य बारीक थेंब. त्या थेंबांना एकमेकांत मिसळू न देण्याचं काम अंड्याच्या बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं करतात. इथे नवशिक्याला एक गोष्ट पटतच नाही: सॉस पातळ झाला तर तेल कमी नाही, जास्त घालायचं. एकाच मापाचे चेंडू पेटीत कितीही शिताफीने रचले तरी ते सुमारे ७४ टक्केच जागा भरतात. तेलाचं प्रमाण त्या आकड्याच्या आसपास पोचलं की थेंब एकमेकांना खेटून बसतात, हलायला जागा उरत नाही, आणि सॉस चमच्यावर उभा राहतो. बुडवायच्या सॉसाला हा उभेपणा लागतो. पातळ सॉसातलं पाणी रव्याच्या कवचात शिरतं आणि तुमची सगळी तळणीची मेहनत मिनिटभरात भिजते. घट्ट सॉस नुसता वर बसतो.

कच्च्या अंड्याचं काय? हा प्रश्न आता घरगुती राहिलेला नाही. तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस आणि तामिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. कारण साल्मोनेला. मुंबईच्या दमट हवेत, उघड्या काउंटरवर संध्याकाळभर ठेवलेल्या अशा सॉसाला मी तरी हात लावत नाही. मी बलक शिजवून घेतो. दोन बलक, दोन मोठे चमचे पाणी, एक मोठा चमचा व्हिनेगर, हे सगळं स्टीलच्या वाडग्यात घेऊन खाली उकळतं पाणी ठेवायचं आणि सतत ढवळत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं. नुसता बलक या तापमानाला गोळे धरायला लागेल. पाणी आणि आंबट सोबत असलं की तग धरतो. थर्मामीटर लागतोच, अंदाज चालत नाही. ७१ झालं की वाडगा लगेच बर्फाच्या पाण्यात. पूर्ण गार झाल्यावर २०० मिलिलिटर तेल, आधी थेंबाथेंबाने, मग बारीक धारेने. तेल वास नसलेलं घ्या, रिफाइंड शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं. घाण्याचं शेंगदाणा तेल मला फार आवडतं, पण ते इथे माशाला बोलू देत नाही. सॉस फुटला तर टाकून देऊ नका. दुसऱ्या वाडग्यात चमचाभर पाणी घ्या आणि फुटलेला सॉस त्यात थोडा थोडा फेटत जा. बहुतेक वेळा परत बांधला जातो.

अंडं नको असणाऱ्यांसाठी दुधाचं मेयोनीज होतं, एक भाग गार दूध, दोन भाग तेल, हँड ब्लेंडर. चक्क्याचाही सॉस चांगला होतो. पण आमच्या मजल्यावरच्या काकींना मी एकदा चक्क्याचा सॉस चाखायला दिला, तर त्या कडाडल्या, "माशाक धय? मेल्या, अंगार पांढरे डाग येतले!" मासा आणि दूध एकत्र नको हे आयुर्वेदातल्या विरुद्ध आहारात आहे, आणि कोकणातून आलेल्या घरांत ते हाडीमाशी मुरलंय. बंगाली लोक दह्यातला मासा मजेत खातात आणि कोड दुधामाशाने होत नाही, हे मी काकींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वाटी माझ्याकडे परत सरकवली. पार्टीत अशा चार काकी असणारच, त्यामुळे व्यवहार म्हणूनही अंडंच बरं.

नारळाच्या रसाचा सॉस का करत नाही, हे मला सगळे विचारतात. कोकणातला मलईदार पदार्थ तोच, मग परकं मेयोनीज कशाला? उत्तर फ्रिजमध्ये आहे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. सॉस गार करायला ठेवला की रसातली चरबी कडक होते, कण लागतात, खाली पाणी सुटतं. सोलकढी ताजी पिण्याची चीज आहे, तिला वाटीत तासभर बसवून ठेवणं हा अन्याय आहे.

आता चवीकडे. लुइझियानात पॅप्रिका आणि केयेन घालतात, एक रंगाला, एक जाळायला. आपल्याला ही जोडी लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत मिळते: रंगाला बेडगी किंवा काश्मिरी, जाळायला शंकेश्वरी किंवा लवंगी. उन्हाळ्यात डंकनासमोर मिरच्यांच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांना याचं प्रमाण माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी तीन भाग बेडगीला एक भाग शंकेश्वरी घेतो. पण तिखट कोरडं घालत नाही. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात विरघळणारे. म्हणून ठरलेल्या तेलातलंच दोन चमचे तेल कोमट करून त्यात तिखट फुलवायचं, जळू द्यायचं नाही, आणि गार झाल्यावर त्या तेलासकट सॉसात घालायचं. कच्च्या तिखटाचा घशाला लागणारा खरखरीतपणा जातो. अशा सॉसात तिखटपणा जिभेवर उशिरा पोचतो, कारण तो चरबीत गुंडाळलेला असतो. केल्या केल्या चाखून तिखट वाढवणारा माणूस तासाभराने पाणी शोधतो.

मोहरी मात्र मी कुठल्याही बाटलीतून घेत नाही. फेसलेली मोहरी आपल्या घरांत कैरीच्या लोणच्यात आणि पेरूच्या कोशिंबिरीत शेकडो वर्षं आहे, आणि क्रिओल मोहरीशी तिची टक्कर सहज होते. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून ओला झाला की त्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि नाकात जाणारं ते द्रव्य तयार होतं. गरम पाणी घातलं तर एन्झाइम मरतं; आधीच लिंबू पिळलं तर ते अडतं. म्हणून मोहरी वाटायची, गार पाणी घालून फेसायची, दहा मिनिटं झाकून ठेवायची, आणि मग आंबट. या एका क्रमावर सॉसाचा जीव आहे. वरच्या मापाला दोन छोटे चमचे पुरतात.

केजन मसाल्यात थाइम असतो. थाइमचा वास ज्या थायमॉलचा, तोच आपल्या ओव्याचा. चिमूटभर भाजून चुरडलेला ओवा घातला की परदेशी बाटलीची गरज उरत नाही. चिमटीपेक्षा जास्त झाला की पोटदुखीचं औषध लागतं. केपर्सच्या जागी मिठाच्या पाण्यातली कैरी, धुऊन, अगदी बारीक चिरून. कांद्याची पात, लसणाची एकच पाकळी मिठासोबत ठेचून. संपलं. साखर नाही, केचप नाही. लिंबू नाही. वेगळं मीठही नाही. कैरीत आहे तेवढं पुरतं, कारण बाकीचं माशात आहे. आंबटपणा कमी ठेवल्याची किंमत म्हणजे हा सॉस टिकत नाही. पाच अंशांखाली ठेवायचा, त्याच दिवशी संपवायचा, आणि टेबलावर आला की तासाभरात आत.

कुणाला सॉस भरपूर आंबट, अगदी न्यू ऑर्लिन्ससारखा हवा असेल, तर मग माशातून काढा. आगळ नाही, मसाला नाही, फक्त मीठ, हळद, लसूण, आणि रव्याऐवजी नुसतं तांदळाचं पीठ. दोन्हीकडून ओढाताण करू नका.

आणि सगळ्या माशांना सॉस लागत नाही. बोंबील तळल्यावर आतून स्वतःच मलई असतो; त्यावर आणखी मलई म्हणजे त्याचा अपमान. बांगडा तेलकट, त्याला तिरफळं हवीत. पापलेटला तर मी सॉसाच्या जवळही येऊ देत नाही. सॉस शोभतो कोळंबीला, माकुलाच्या चकत्यांना, चिंबोरीच्या नांग्यातल्या मांसाला, आणि सगळ्यांत जास्त मांदेलीला. कडकडीत तळलेली मांदेली काट्यासकट, शेपटीला धरून बुडवायची. हॉटेलवाले नाक मुरडतात, मांदेली स्वस्त म्हणून.

स्वस्त मासा निवडायला आणखी एक कारण आहे. पॉल प्रुडॉम यांनी १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला 'के-पॉल्स' उघडलं आणि मसाल्यात घोळवून तापत्या लोखंडी तव्यावर काळा केलेला रेडफिश लोकप्रिय केला. त्याची अमेरिकाभर लाट आली. मेक्सिकोच्या आखातातला तो मासा इतका उपसला गेला की १९८० च्या दशकात त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंधनं घालावी लागली. एका पदार्थाने एवढं होऊ शकतं. पापलेटला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्य मासा केलं ते तो विपुल आहे म्हणून नव्हे. माझ्या पार्टीच्या यादीत 'केजन पापलेट' नाही, आणि गिऱ्हाईक मागतं तेव्हा मी मांदेली पाठवतो, सॉस थोडा जास्त देऊन. अजून तरी कुणी परत केलेली नाही. वाटीत सॉस उरलाच तर पाव कापा, आतून सॉस लावा, मांदेली आडवी रचा, वर पातळ चिरलेला कांदा. न्यू ऑर्लिन्सला याच कल्पनेच्या सँडविचला 'पो बॉय' म्हणतात. तिथे पाव फ्रेंच पद्धतीचा लांब असतो, आपला लादीपाव त्यापेक्षा मऊ. म्हणून तो आधी तव्यावर शेकून घ्या.